‘पोचली’चा रकाना

पावणेदहाला फोन वाजला आणि पडद्यावर रोजच्यासारखं ‘यमुना सिस्टर’ असं नाव आलं. मी घसा साफ केला. गेले तेरा दिवस मी त्यांच्याशी खोटं बोलत होतो आणि खोटं बोलायच्या आधी माझा घसा हटकून बसायचा. “बोला ताई,” मी म्हणालो. पलीकडून पुरुषाचा आवाज आला. “काका, मी संतोष. आई गेली... सकाळी च्या ठिवला गॅसवर, आन् तितंच खाली बसली. रोज ह्या टायमाला तुमाला फोन करायची, म्हणून म्हणलं पयला तुमालाच सांगावं.” त्यानंतर तो काय बोलला ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की सगळ्यात आधी मला दुःख झालं नाही. मला भीती वाटली. दुःख नंतर आलं, इंदापूरच्या एसटीत बसल्यावर. पण पहिली आली ती भीती, आणि ती अजून गेलेली नाही. आज सव्वा महिन्यानं हे लिहायला बसलोय तेही काही मोठं धाडस म्हणून नाही. न लिहिण्याची भीती जास्त वाटायला लागली, म्हणून.

मी बारामतीत एका धर्मादाय रुग्णालयाच्या नर्सिंग कॉलेजात ग्रंथपाल आहे. स्वभावानं भित्रा. कुलूप नीट लागलं का हे बघायला अर्ध्या रस्त्यातून माघारी येणारा माणूस, आणि घरात त्यावरून माझी यथेच्छ टिंगल होते. अशा माणसाच्या गळ्यात संस्थेनं तीन वर्षांपूर्वी ‘डिजिटल संग्रह’ मारला. म्हणजे डॉक्टरांनी, शिक्षकांनी, नर्सेसनी आपापले लेख, निबंध, रुग्णांच्या अभ्यासनोंदी जमा करायच्या आणि आम्ही त्या तपासून, लेबलं लावून कायमच्या जपून ठेवायच्या, कुणालाही कुठूनही वाचता याव्यात म्हणून. ‘कायमच्या’ आणि ‘कुणालाही’ हे दोन शब्द मी परिपत्रकात पेन्सिलीनं अधोरेखित करून ठेवले होते. कागदाचं बरं असतं. त्याला वाळवी लागते, तो भिजतो, कुणीतरी रद्दीत घालतं, आणि त्यावर लिहिलेली चूकही त्याच्याबरोबर जाते. इथं तसं नव्हतं. यमुना सिस्टर या संग्रहाला ‘तुमचं न दिसणारं कपाट’ म्हणायच्या. “दिलीपराव, त्या कपाटाला कुलूप हाय का?” हा त्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न. मला त्या बाई तिथंच आवडल्या.

इंदापूर तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात त्यांनी नर्स म्हणून सगळी नोकरी काढली. गावाचं नाव कुठं लिहायचं नाही असं त्यांनी मला बजावलं होतं, म्हणून इथंही लिहीत नाही. त्यांचे आईवडील वरकुट्याकडचे, मेंढरं राखणारे. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. यमुनाताई अशाच एका वाटेवर जन्मल्या. कुठल्या गावाच्या शिवारात, हे त्यांच्या आईलाही सांगता यायचं नाही. शाळेत घालताना गुरुजींनी एक तारीख ठोकून दिली आणि तीच पुढं पेन्शनच्या कागदापर्यंत गेली. “माजी कुठंच नोंद न्हाय. म्हणून मला नोंदीचं लई कौतुक,” असं त्या हसत सांगायच्या. निवृत्तीनंतर त्या निमगाव केतकीत मुलाजवळ राहायला आल्या, पानमळ्यांच्या अलीकडं त्यांचं दोन खोल्यांचं घर. आमच्या कॉलेजनं त्यांना मुलींना गावातलं काम शिकवायला बोलावलं तेव्हा त्या आठवड्यातून तीनदा एसटीनं बारामतीला यायच्या. खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत हिरव्या शाईचं पेन. हिरवी शाई मोठ्या साहेबांची, असं सरकारी नोकरीत सगळ्यांना ठाऊक असतं. मी एकदा त्यांना म्हटलं, “काय ताई, बढती झाली वाटतं.” त्या म्हणाल्या, “ह्या पेनानं मी एकच शब्द लिवती. बाकी सगळं निळ्यानं.”

तो शब्द कोणता, ते मला त्यांच्या वह्या बघितल्यावर कळलं. सोळा वह्या होत्या, गरोदर बायकांच्या नोंदींच्या. सरकारी नोंदवही वेगळी, ती दप्तरात जमा झालेली. या त्यांच्या स्वतःच्या, पुठ्ठ्याच्या, दोऱ्यानं पुन्हा शिवलेल्या. पहिल्या पाच वह्यांत साधे रकाने : नाव, वय, कितवी खेप, महिना, वजन, बीपी. सहाव्या वहीच्या मधल्याच एका पानापासून उजवीकडं एक जास्तीचा रकाना सुरू होतो. वर लिहिलंय ‘पोचली’. आणि खाली प्रत्येक बाईपुढं हिरव्या शाईत तोच शब्द, शेजारी तारीख. पोचली. पोचली. पोचली.

आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं, यात कुणाला सांगण्यासारखं काही नाही. सातव्या महिन्यात ओटी भरतात, माहेरचा माणूस येतो, पोरगी जाते. उपकेंद्रातली नर्स तिच्या नावापुढं ‘माहेरी गेली’ असं लिहिते आणि खाली रेघ मारते. महिन्याच्या अहवालात ती बाई मग कुणाची नसते. सासरच्या नर्सच्या वहीतून ती गेलेली असते आणि माहेरच्या नर्सच्या वहीत अजून आलेली नसते. तपासणीचं कार्ड बऱ्याचदा सासरीच राहतं, फडताळात नाहीतर देवाच्या फोटोमागं. यमुनाताईंनी एकवीस वर्षांपूर्वी अशीच एक रेघ मारली होती. पोरगी एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण. बीपी वाढलेलं, पायावर सूज. ताईंनी तिला सांगितलं, मंगळवारी परत ये, परत बघू. मंगळवारी ती आली नाही. ताई तिच्या घरी गेल्या तर सासू म्हणाली, “ती म्हायेरी गिली की, कालच.” ताईंनी वहीत लिहिलं, माहेरी गेली. रेघ मारली. अकराव्या दिवशी त्या पोरीला माहेरी झटके आले. माहेर बारामती तालुक्यात, कऱ्हाटीच्या बाजूला. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. पोट उघडून मुलगी काढली, ती जगली. आई गेली. तिथल्या नर्सला ही बाई गावात आहे हेच माहीत नव्हतं, आणि घरच्यांना वाटत होतं, सासरच्या नर्सनं तपासलंय, आता काही काळजी नाही.

त्या दिवसानंतर यमुनाताईंनी कुणाच्याही नावाखाली रेघ मारली नाही. बाई माहेरी निघाली की त्या बाजारच्या दिवशी एसटीडी बूथवर जाऊन माहेरच्या दवाखान्यात फोन लावायच्या : तुमच्याकडं एक लेक येतीय, बीपी असं असं हाय, घरी जाऊन बघा आणि मला कळवा. जिथं फोन नव्हता तिथं एसटीच्या कंडक्टरजवळ, नाहीतर दुधाच्या गाडीवर चिठ्ठी. उलटा निरोप आला की मग हिरवं पेन. पुढं मोबाईल आले आणि काम सोपं झालं, पण रकाना तोच राहिला. हे सगळं त्यांनी लिहून काढावं म्हणून प्राचार्य बाईंनी त्यांच्या मागं तगादा लावला. “संग्रहात नुसते डॉक्टरांचेच लेख येतायत, नर्सचा एक तरी येऊ द्या.” ताईंनी उन्हाळ्याच्या सुट्टीत साठ पानं लिहिली, हातानं, मराठीत. मी ती टाइप केली. आणि टाइप करता करता चौथ्या प्रकरणाशी माझे हात थांबले, कारण तिथं त्यांनी सरळ लिहिलं होतं : ‘ही रेघ मी मारली. ती मी मारली नसती तर ही बाई कदाचित वाचली असती.’

मी घाबरलो. मी त्यांना म्हटलं, ताई, हे ‘एका आरोग्यसेविकेनं’ असं करू. चौकशी लागेल. पेन्शन अडकेल. नातेवाईक दारात येतील. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. “आन् मग ती आरोग्यसेविका कोण म्हणून लोक दुसऱ्या कुणाच्या दारात जातील त्याचं काय?” संग्रहातले लेख तपासणाऱ्या समितीतल्या एकांनीही ते वाक्य काढायला सुचवलं. ताई म्हणाल्या, काढायचं असेल तर सगळाच लेख काढा. पण नाव काढलं म्हणजे ओळख निघत नाही, हे त्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण, इंदापूर तालुक्यातलं सासर, बारामती तालुक्यातलं माहेर, मूल वाचलं... दिल्लीत कुणाला कळणार नाही, पण कऱ्हाटीच्या पारावर पाच मिनिटांत कळेल. शेवटी मधला मार्ग निघाला. लेखाचा सारांश सगळ्यांना दिसेल. पूर्ण लेख हवा असेल त्यानं नाव आणि कारण लिहून ‘प्रत मागवा’ हे बटण दाबायचं आणि लेखिकेनं हो म्हटल्यावरच प्रत द्यायची.

फॉर्म भरताना मात्र आम्ही पोट धरून हसलो. शोधशब्द निवडायचे होते. त्या म्हणाल्या, पहिला शब्द ‘माहेर’. आमच्या यादीत माहेर नव्हतं. “न्हाय? मग ती यादी बाईमाणसानं केलेली न्हाय.” ईमेलच्या चौकटीपाशी आल्यावर म्हणाल्या, “माजं ईमेल तुमीच. तुमचंच घाला.” मी घातलं. त्या वेळी त्यात काहीच वावगं वाटलं नाही. पण त्यामुळं असं झालं, की त्यांचा लेख जो कोणी मागेल त्याचा निरोप जगात फक्त माझ्याकडं येणार होता.

लेख संग्रहात गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या ग्रंथालयात आल्या. पंख्याखाली न बसता माझ्या टेबलाजवळ उभ्या राहिल्या. त्यांनी मला एक गोष्ट सांगितली आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली. आमच्या कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात एक मुलगी आहे. तिचं खरं नाव लिहीत नाही, प्राजक्ता म्हणू. पहिल्या दिवशी ताईंनी हजेरी घेतली. हल्ली हजेरीत मुलीच्या नावापुढं आईचंही नाव असतं. ते नाव वाचल्यावर त्यांचा आवाज गेला, आणि मुलींना वाटलं सिस्टरांना ठसका लागला. तीच मुलगी. आजीनं वाढवलेली, पोटातून काढलेली ती. “दिलीपराव, लेख बाकी कुणी बी मागू द्या, मला काय न्हाय. पण ती मागंल त्या दिवशी मला सांगा. तवाच्या तवा सांगा.” त्यांनी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती. मी ते बघितलं आणि माझ्या पद्धतीनं त्याचा अर्थ लावला. मला वाटलं, बाई भ्यायल्या आहेत. माझ्यासारख्याच.

दुसऱ्या दिवसापासून पावणेदहाचा फोन सुरू झाला. मी ग्रंथालय उघडून, संगणक लावून बसायची ती वेळ. “आज कुणी?” “एक आहे ताई, मिरजेच्या कॉलेजची.” “द्या, द्या.” नाहीतर, “कुणी नाही ताई.” “बरं.” एवढंच संभाषण. पण ते ‘बरं’ यायच्या आधी एक श्वास ऐकू यायचा, आणि मला वाटायचं तो सुटकेचा आहे. त्यांच्या छातीचं दुखणं मला ठाऊक होतं. दिवाळीआधी त्या आठवडाभर आमच्याच रुग्णालयात होत्या आणि डॉक्टरांनी दगदग बंद करायला सांगितलं होतं. वर्ग सुटले, फोन राहिला. प्राजक्ता रोज दुपारी ग्रंथालयात यायची, खिडकीजवळच्या टेबलावर बसायची, पुस्तक वेळेवर परत करायची. ती आली की मी उगीच कपाटाआड जायचो. एकवीस वर्षांच्या, शांत, वेणी घातलेल्या त्या मुलीची मला दहशत बसली होती. ती संगणकासमोर बसली तर मी लगेच मागण्यांचं पान उघडून बघायचो.

आणि एका सोमवारी निरोप आला. मागणी करणाऱ्याचं नाव : प्राजक्ता. कारणाच्या चौकटीत बहुतेक मुली ‘अभ्यासासाठी’ लिहितात. तिनं लिहिलं होतं, ‘माझ्यासाठी’. मी तो निरोप तीनदा वाचला. घड्याळात नऊ पस्तीस झाले होते. दहा मिनिटांत फोन येणार होता. माझ्या डोळ्यांसमोर भराभर काय काय यायला लागलं... ताई फोन हातात धरून कोसळतात. मुलगी प्राचार्यांच्या खोलीत ओरडते. कऱ्हाटीकडून जीप भरून माणसं येतात. फोन वाजला. “आज कुणी?” मी म्हणालो, “कुणी नाही ताई.” तो श्वास. “बरं.” मला वाटलं, आजचा दिवस निभावला. उद्या सांगू. त्यांची तब्येत जरा सुधारली की सांगू. मंगळवारी पण कुणी नाही. बुधवारी पण नाही. ज्याला भीती वाटते तो दुसऱ्याच्या काळजीचं कारण पुढं करतो, हे मला आता कळतंय. शुक्रवारी त्यांनी कधी नव्हे तो पुन्हा विचारलं, “नक्की न्हाय नव्हं? नीट बघितलं?” मी म्हणालो, नीट बघितलं. त्या शुक्रवारच्या ‘बरं’चा आवाज मला अजून ऐकू येतो. असे तेरा दिवस. चौदाव्या दिवशी फोनवर संतोष होता.

निमगावला पोचलो तर अंगणात गर्दी होती. बायका सांगत होत्या, माझं बाळंतपण, माझ्या सुनेचं, माझ्या दोन्ही लेकींचं. त्या गर्दीत सगळ्यांत पुढं, पायाशी, प्राजक्ता बसली होती. हिला कसं कळलं? ही इथं कशी? मी मागच्या मागं भिंतीला टेकून उभा राहिलो आणि तिच्याकडं एकदाही बघितलं नाही. परतीच्या गाडीत रडू आलं ते भवानीनगर येईपर्यंत थांबलं नाही. शेजारच्या आजोबांनी पाण्याची बाटली पुढं केली.

दिवसकार्य आटोपल्यावर संतोष ग्रंथालयात आला. त्याच्याजवळ तीच कापडी पिशवी होती. “आईनं सांगून ठिवलं व्हतं, वह्या तुमच्याकडं द्यायच्या. पेन बी.” चहा घेता घेता तो म्हणाला, “काका, फोनची येळ झाल्याशिवाय आई च्यासुदिक घेत नव्हती. फोन हातात धरून वट्ट्यावर बसायची. काय एवढं व्हतं वो?” मी म्हणालो, कामाचं होतं. तो गेल्यावर मी वह्या काढल्या. सोळावी वही अर्धी कोरी होती. पण शेवटी शेवटी एक पान नव्यानं आखलेलं दिसलं, निळ्या शाईत. पहिल्या ओळीत एकच नाव. प्राजक्ताचं, आईच्या नावासकट. खाली दिवाळीनंतरच्या तारखा, एकाखाली एक, रोजची एक. आणि उजवीकडं तो रकाना. ‘पोचली’. पहिल्यापासून शेवटपर्यंत रिकामा. मी शेवटच्या तेरा ओळी बोटानं मोजल्या. काय ते नीट कळलं नाही, पण काहीतरी भयंकर केलंय एवढं कळलं. ग्रंथालयात कुणी नव्हतं. मी वही मिटून खणात घातली आणि खणाला कुलूप लावलं. मग ते नीट लागलं का बघितलं.

दोन दिवसांनी प्राजक्ता टेबलासमोर येऊन उभी राहिली. या वेळी मला आडोसा मिळाला नाही. “सर, सिस्टरांचा लेख मी मागितला होता. आता तो मिळणार नाही का? त्यांनी नको म्हणून सांगितलं होतं का?” मी काहीतरी नियम सांगायला तोंड उघडलं. ती म्हणाली, “त्यात काय आहे ते मला माहीत आहे. त्यांनीच सांगितलंय.” आणि मग तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत, रुग्णालयातून घरी सोडल्यावर आठ दिवसांत, यमुनाताई दोन गाड्या बदलून एकट्या तिच्या आजीच्या घरी गेल्या होत्या. अंगणात बसल्या. आजीला आणि तिला सगळं सांगितलं, रेघेपर्यंत. आजी उठून आत गेली आणि बराच वेळ आतच राहिली. बाहेर आली ती भाकरी आणि पिठलं घेऊन. “खावा. लांबनं आलायसा.” प्राजक्ता मात्र उठून शेताकडं निघून गेली होती. जाताना ताई बांधापर्यंत तिच्या मागं आल्या. म्हणाल्या, “मी लिवून ठिवलंय. वाचावं वाटलं तर माग. न्हाय वाटलं तरी माजी तक्रार न्हाय. पर तू मागितलंस तर मी समजंन, तू माज्याशी बोलायला तयार हायीस.”

“मला कितीतरी दिवस राग होता,” ती म्हणाली. “मग एका रविवारी आजीच म्हणाली, वाच. वाचून तर बघ. सोमवारी मी मागणी टाकली. रोज बघत होते. उत्तरच आलं नाही. मला वाटलं, त्यांनीच आता मन बदललं असेल...” तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती मला विचारत होती. कपाटाआड जायचे, नियम सांगायचे, सगळे रस्ते संपले होते. मी तिला खरं सांगितलं. पावणेदहाचा फोन, ‘आज कुणी?’, आणि माझं ‘कुणी नाही’. तेरा वेळा. मी भ्यालो होतो, हेही सांगितलं. तो श्वास सुटकेचा नव्हता, हे मला सांगता सांगताच कळलं. त्या बाई वाट बघत होत्या आणि रोज सकाळी मी त्यांना सांगत होतो, की त्या पोरीला तुमच्याशी बोलायचं नाही. ती तशाच समजुतीत गेली... मी ‘गेली’ म्हणतोय, त्यांच्याबद्दल पूर्वी कधी असं एकेरी बोललो नव्हतो. तेवढ्या क्षणी त्या मला माझ्याच घरातल्या वाटल्या.

प्राजक्ता अगदी हळू म्हणाली, “एक फोन करायचा होता ना, सर.” ती आणखी काही बोलली असती, ओरडली असती, तर मला सोपं गेलं असतं. यमुनाताईंनी साठ पानं लिहून जगाला सांगितलं ते एवढंच होतं. मी ती पानं स्वतःच्या हातानं टाइप केली होती. शुद्धलेखनसुद्धा तपासलं होतं.

मी लेखाची छापील प्रत तिला दिली. खिडकीजवळच्या टेबलावर बसून तिनं ती सलग वाचली. चौथ्या प्रकरणाशी ती थांबली, पान पालथं घातलं, पाणी पिऊन आली आणि परत वाचायला लागली. वाचून झाल्यावर मी खणाचं कुलूप काढलं आणि सोळावी वही तिच्यापुढं ठेवली. ते पान उघडून दिलं. तिनं वरचं नाव वाचलं, स्वतःचं आणि आईचं. तारखांवरून बोट फिरवत खाली आली. “पेन आहे का त्यांचं?” तिनं विचारलं. मी पिशवीतून हिरवं पेन काढून दिलं. शाई वाळली होती. तिनं ते तळहातावर दोनदा घासलं, फुंकर मारली. मग तिनं ती सोमवारची ओळ शोधली आणि उजव्या रकान्यात लिहिलं, पोचली. शेजारी त्याच सोमवारची तारीख घातली. खालच्या ओळी तशाच रिकाम्या ठेवल्या. त्यातल्या एकाही ओळीला तिनं हात लावला नाही.

हे छापायला देण्याआधी मी तिला वाचायला दिलं. आजीनंही ते तिच्याकडून ऐकलं. काही खोडायचं आहे का, विचारलं. प्राजक्तानं एवढंच सांगितलं, “तुम्ही घाबरला होता ते काढू नका.” संतोषलाही मी फोन करून खरं सांगितलं, उशिरा का होईना. आधी दोनदा नंबर लावून कट केला होता. सगळं ऐकून तो म्हणाला, “बरं.” अगदी त्याच्या आईसारखंच.

आता सकाळी ग्रंथालय उघडलं की मी आधी मागण्या बघतो. कुणाचाही लेख कुणीही मागितलेला असो, त्या लेखकाला तिथल्या तिथं फोन लावतो. मोठे डॉक्टर वैतागतात, “मेल करा ना, फोन कशाला?” म्हणतात. मी ऐकून घेतो. वही काचेच्या कपाटात आहे, त्याच पानावर उघडी, वरच्या नावांवर कागदाची पट्टी लावून. आणि पावणेदहा वाजले की अजूनही माझा हात फोनकडं जातो, घसा बसतो, आणि मी त्या खालच्या बारा रिकाम्या ओळींकडं न बघता बसून राहतो.